दाखले आपले, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर : ओळखचोरी आपल्या वस्तीत कशी होते?

जून-जुलै आला की तालुक्याच्या गावी नेट कॅफेसमोर आपल्या मुलामुलींची रांग लागते. हातात प्लास्टिकची फाइल असते. फाइलमध्ये जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. यातला एकेक कागद मिळवण्यासाठी आईवडिलांनी रोजंदारी बुडवून तहसील कार्यालयाच्या चकरा मारलेल्या असतात. दुकानात मात्र हे सगळे कागद दहा मिनिटांत स्कॅन होतात आणि एका अनोळखी कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. फॉर्म भरला, पन्नास-शंभर रुपये दिले, मुलगी घरी गेली. फोल्डर तिथेच राहिला. पुढच्या महिन्यात तो कॉम्प्युटर कोण वापरतो, याची कुणी चौकशी करत नाही.

ऑनलाइन ओळखचोरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंधाऱ्या खोलीत बसलेला हॅकर येतो. असे लोक आहेतच. पण आपल्या समाजात ओळख चोरीला जाण्याची वाट बहुतेक वेळा फार साधी असते. हक्काची गोष्ट मागायला आपण ज्याच्या हाती कागद देतो, ज्याचा मोबाईल नंबर फॉर्मवर टाकतो, ज्या ग्रुपवर बायोडाटा पाठवतो, तिथूनच ती जाते. ज्याच्या घरी लॅपटॉप आणि प्रिंटर आहे त्याचे कागद घराबाहेर पडत नाहीत. ज्याला शिष्यवृत्ती, घरकुल, स्वाधार, वसतिगृह अशा प्रत्येक गोष्टीसाठी स्वतःला पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते, त्याचे कागद दहा हातांतून फिरतात. म्हणजे हा धोकाही समाजात सारखा वाटला गेलेला नाही. वर्तमानपत्रांतल्या सायबर सल्ल्यांच्या सदरात ही गोष्ट सहसा येत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो आहे.

शिष्यवृत्तीचे पैसे कुठल्या खात्यात जातात?

आधी काही उघड झालेली प्रकरणे पाहू. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत बौद्ध विद्यार्थीही येतात. त्या योजनेची तपासणी झाली तेव्हा पाहिलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बोगस किंवा बंद आढळल्या आणि सुमारे १४४ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे समोर आले. ऑगस्ट २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा दाखल केला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंडमधल्या याच योजनेबद्दल इंडियन एक्स्प्रेसने बातम्यांची मालिका छापली होती. दलाल, बँकेचे प्रतिनिधी आणि शाळेतली माणसे मिळून लोकांचे आधार क्रमांक आणि अंगठे घेत होती. पैसे त्यांच्या नावावर येत होते आणि हातात चिल्लर पडत होती. हिमाचल प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या शिष्यवृत्तीत असाच घोटाळा झाला आणि २०१९ मध्ये तोही सीबीआयकडे गेला. तिथे विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांवर त्यांना न सांगता बँक खाती उघडल्याचे आरोप आहेत.

या तिन्ही ठिकाणी कुणी मोठे सर्व्हर फोडले नव्हते. हाती आलेल्या झेरॉक्स आणि अंगठे यांवर काम झाले.

आता यामागची यंत्रणा समजून घेऊ. सरकारी योजनेचे पैसे हल्ली 'आधारशी जोडलेल्या' खात्यात जातात. तुमची चार बँकांत खाती असू शकतात, पण अशा थेट जमा होणाऱ्या पैशांसाठी एकाच वेळी एकच खाते नोंदलेले असते. सगळ्यात शेवटी संमती देऊन जे खाते जोडले, ते. म्हणजे एखाद्या दुकानात सिमकार्ड घेताना किंवा 'फ्री खाते उघडून देतो' म्हणणाऱ्या माणसाच्या मशीनवर अंगठा ठेवला आणि नवे खाते उघडून तेच आधारशी जोडले गेले, तर शिष्यवृत्ती मुकाट्याने तिकडे वळते. हे काल्पनिक नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने एअरटेल आणि एअरटेल पेमेंट्स बँकेची आधारवरून ग्राहक पडताळणी करण्याची परवानगी काही काळ थांबवली होती. ग्राहकांच्या स्पष्ट संमतीशिवाय पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे जमा झाले, ही तक्रार होती.

म्हणून 'शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पण आली नाही' असे कुणी सांगितले की पहिली गोष्ट म्हणजे आधारच्या संकेतस्थळावर जाऊन 'बँक सीडिंग स्टेटस' तपासा. तिथे कुठली बँक जोडली आहे ते दिसते. नाव ओळखीचे नसेल तर आपल्या मूळ बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म नव्याने भरा, आणि त्या दुसऱ्या खात्याची लेखी तक्रार करा. कॉलेजच्या क्लार्कशी भांडण्याआधी हे करा. बिचाऱ्याची दरवेळी चूक नसते.

नेट कॅफेवाल्याबद्दलही असेच. बहुतेक दुकानदार आपल्यातलेच, कष्टाने पोट भरणारे आहेत. चोर आणि दुकानदार एक नव्हेत. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर चोरीचे विंडोज असते, अँटिव्हायरस कधीच संपलेला असतो आणि दिवसभरात पन्नास पेनड्राइव्ह त्यात जातात-येतात. तेव्हा काही सवयी लावून घ्याव्या लागतील. फॉर्मवर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. 'माझाच टाकतो, पटकन होईल' याला नाही म्हणा. पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप करा आणि घरी आल्यावर फोनवरून बदला. ब्राउझरने 'पासवर्ड सेव्ह करू का?' विचारले तर नको म्हणा. निघताना लॉग आउट करा, स्कॅन केलेल्या फाइली आणि डाउनलोडमधले आधार डिलीट करून रिसायकल बिनही रिकामी करायला लावा. व्हॉट्सअ‍ॅप वेब लावून फाइल काढली असेल तर आपल्या फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तो कॉम्प्युटर काढून टाका. हे विसरणारे कितीतरी आहेत. सहा महिन्यांपूर्वीच्या दुकानात अजून त्यांचे चॅट उघडे असते.

आधारची झेरॉक्स द्यावी की नाही, हा वेगळाच गोंधळ आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या. दोनच दिवसांत सरकारने ती सूचना मागे घेतली आणि लोक आणखी बुचकळ्यात पडले. पण मास्क्ड आधारची सोय तेव्हाही होती, आजही आहे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. हॉटेलात, लॉजवर, खासगी क्लासमध्ये, मेळाव्याच्या नोंदणीत तेवढे पुरते. सरकारी कार्यालयात टेबलावरचा माणूस ते घेत नाही, असा अनुभव सर्रास येतो. तिथे पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर छापलेल्या मजकुरावर आडवे लिहा : कशासाठी, कुणाकडे, कुठल्या तारखेला. त्यावर सही करा. याने चोरी अशक्य होत नाही, पण त्याच झेरॉक्सवर सिमकार्ड काढणे अवघड होते.

अंगठ्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. गावात मशीनवर अंगठा लावून पैसे काढण्याची जी सोय आहे, तिला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. जमिनीच्या खरेदीखतावरचे ठसे उचलून रबरी बोटे बनवणाऱ्यांना देशात वेगवेगळ्या ठिकाणी पकडले गेले आहे. आपल्या आजी-आजोबांचे निराधार योजनेचे पैसे याच मार्गाने जाऊ शकतात. उपाय फुकट आहे. आधारच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून 'बायोमेट्रिक लॉक' करता येते. रेशनला किंवा बँकेत अंगठा लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचे. ज्यांना दर महिन्याला अंगठा लावावाच लागतो अशा म्हाताऱ्या माणसांना हे जड जाते, हे खरे. त्यांच्यासाठी घरातल्या तरुणाने ही जबाबदारी घ्यावी. विहारात रविवारी वंदनेनंतर दोन मुले तासभर फोन घेऊन बसली तर एका महिन्यात अख्ख्या वस्तीचे हे काम होते.

बंद पडलेला नंबर

आपल्याकडे रिचार्ज संपले की सिम पडून राहते आणि स्वस्त ऑफर आली की नवे येते. काम शोधायला पुण्याला किंवा सुरतेला गेलेला मुलगा तिकडचा नंबर घेतो. जुना नंबर मात्र आधारला, बँकेला आणि महाडीबीटीला जोडलेलाच असतो. बंद झालेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचे ओटीपी त्याच्या फोनवर जातात. तो भला माणूस असेल तर दुर्लक्ष करतो. नसेल तर 'पासवर्ड विसरलो' या एका बटणावर तुमचे खाते त्याचे होते.

दुसरा प्रकार घरातलाच आहे. एका घरात एकच चालू नंबर असतो, बहुधा भावाचा किंवा वडिलांचा, आणि आईचे खाते, बहिणीची शिष्यवृत्ती, तिचे ईमेल सगळे त्याच नंबरवर. यात कुणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. पण बहिणीचे लग्न झाले, भावाशी बिनसले किंवा तो फोन हरवला, की तिचे कागद, तिचे पैसे आणि तिचा पुढचा प्रवेश सगळे अडते. मुलीच्या नावावरच्या गोष्टींना मुलीचाच नंबर असावा आणि तिचा पासवर्ड तिलाच माहीत असावा. याला घरात 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे उत्तर मिळते. स्त्रियांच्या हक्कांसाठी मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या घरात तरी हा प्रश्न येऊ नये.

आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येते. फोन चोरीला गेला तर तो बंद पाडण्याची सोयही तिथेच आहे. दुसऱ्याने तुमच्या झेरॉक्सवर काढलेल्या सिमवरून गुन्हा घडला की पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतात, म्हणून ही तपासणी सहा महिन्यांतून एकदा तरी करा. तसेच वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट मोफत काढा. पॅनकार्डावर कुणी कर्ज उचलले असेल तर ते तिथे दिसते. एरवी घरी वसुलीचा फोन येतो तेव्हाच कळते.

ग्रुपवर फिरणारा बायोडाटा आणि आलेली फाइल

बौद्ध वधू-वर परिचयाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता प्रत्येक जिल्ह्यात आहेत. काम चांगले आहे. हुंडा टाळून, साध्या पद्धतीने जमणाऱ्या लग्नांना त्याची मदतच होते. पण त्यात फिरणारा बायोडाटा एकदा चोराच्या नजरेने वाचून पाहा. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मवेळ (कुंडली न मानणाऱ्या समाजात जन्मवेळ कशाला, हे मला अजून कळलेले नाही), आईचे माहेरचे नाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, पगार, दोन मोबाईल नंबर आणि तीन फोटो. बँकेच्या नावाने फोन करणाऱ्याला समोरच्याचा विश्वास बसवायला एवढे भरपूर झाले. हे फोटो वापरून मुलींची खोटी खाती उघडली जातात. मुलाच्या पगारावरून त्याला 'परदेशातील स्थळ' येते आणि कस्टममध्ये अडकलेल्या भेटवस्तूचे पैसे मागितले जातात. पाचशे माणसांच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे अ‍ॅडमिनलाही माहीत नसते.

बायोडाट्यात नाव, वय, शिक्षण, जिल्हा आणि कामाचे स्वरूप पुरे. फोटो आणि पत्ता बोलणे पुढे गेल्यावर द्यावा. संपर्कासाठी ग्रुप चालवणाऱ्या संस्थेचा नंबर ठेवावा, मुलीचा नव्हे. ग्रुपच्या अ‍ॅडमिननेच हा नियम केला तर तो पाळला जातो.

ग्रुपवर येणाऱ्या फाइलींबद्दल नीट समजून घ्या, कारण सध्या फोनची चोरी बरीचशी याच वाटेने होते. लग्नपत्रिका, आरटीओचे चलान, शेतकरी योजनेची यादी, बँकेची केवायसी, अशा नावाने एक फाइल येते. नावाच्या शेवटी डॉट आणि ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही पत्रिका नसते, ते एक अ‍ॅप असते. उघडताना ते 'अनोळखी स्रोतावरून इन्स्टॉल करू द्या' आणि 'एसएमएस वाचू द्या' अशी परवानगी मागते. ती दिली की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडेही पोचतो, आणि तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर जाते. ती काकांच्या नंबरवरून आली म्हणून आपण उघडतो. काकांनी ती पाठवलेलीच नसते. कालाम सुत्तावर तासभर बोलणारी आपली माणसे 'अनेकदा फॉरवर्ड केलेली' असा शिक्का असलेली फाइल मात्र डोळे झाकून उघडतात. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे, आणि तिथूनही झटपट कर्ज देणारी अ‍ॅप घेऊ नयेत. ती फोनमधले नंबर आणि फोटो उचलतात आणि पुढे त्यांचीच धमकी देतात.

व्हॉट्सअ‍ॅप खाते पळवण्याची युक्ती आणखी साधी आहे. ओळखीच्या माणसाचा मेसेज येतो की 'चुकून तुझ्या नंबरवर सहा अंकी कोड आलाय, पाठव ना'. तो कोड म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून स्वतःचा सहा अंकी पिन ठेवला तर नुसत्या कोडवर खाते जात नाही. ईमेलला आणि फेसबुक-इन्स्टाग्रामलाही ही दुहेरी कडी लावा. त्यातही ईमेल आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक ईमेलवरच येते. पासवर्डमध्ये 'जयभीम' आणि पुढे १४ एप्रिलचे आकडे किंवा जन्मसाल ठेवणारे आपल्यात खूप आहेत. आपल्या ओळखीचा कुणीही पहिल्या पाच प्रयत्नांत तो ओळखेल.

'खाते भाड्याने दे, पाच हजार मिळतील'

या प्रकाराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. होस्टेलवर राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला मित्राचा मित्र भेटतो. तुझे बचत खाते, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला काही हजार देतो, म्हणतो. कारण गेमिंग कंपनी किंवा टॅक्स वाचवायचा असे काहीतरी असते. मेसचे पैसे थकलेल्या मुलाला त्यात चोरी दिसत नाही. त्या खात्यातून 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने कुण्या निवृत्त शिक्षकाला लुबाडलेले पैसे पुढे सरकतात. (कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी पोलीस अटक करत नाही.) तक्रार होते, खाते गोठते आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस मुलाला शोधत येतात. पैसे नेणारा सापडत नाही, कागदावर नाव असलेला सापडतो.

मी माहिती नव्हती म्हणून केले, एवढ्याने सुटका होत नाही. पोलीस भरतीत, शिक्षक भरतीत, एमपीएससीतून निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव असेल तर तीन-चार वर्षांची मेहनत तिथे अडकते. घरातला पहिला पदवीधर, पहिला नोकरदार होऊ पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही किंमत फक्त त्याची राहत नाही. अभ्यासिका आणि वसतिगृहे चालवणाऱ्या संघटनांनी प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याने आधीच खाते दिले आहे त्याने आजच बँकेत जाऊन ते बंद करावे, सिम बंद करावे आणि वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांत स्वतःहून लेखी माहिती द्यावी. समन्स येण्याची वाट पाहू नये.

कार्यकर्त्याचा लॅपटॉप

कार्यकर्त्याच्या फोनमध्ये फक्त त्याची ओळख नसते. अत्याचारग्रस्त कुटुंबाचे जबाब, साक्षीदारांचे नंबर, पीडित मुलीचे वैद्यकीय कागद, सभासदांची यादी, निधीचा हिशेब, सगळे त्यात असते. गावात बहिष्कार चालू असताना साक्षीदाराचा नवा पत्ता बाहेर गेला तर काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून फोनला आणि लॅपटॉपला कुलूप हवे, अशा फाइली पासवर्ड लावून ठेवायला हव्यात आणि संघटनेच्या कॉम्प्युटरवर चोरीचे सॉफ्टवेअर नको. परवडत नसेल तर लिनक्स फुकट आहे आणि टायपिंग, ईमेल, हिशेब यांना पुरेसे आहे. एफआयआरची प्रत ग्रुपवर टाकण्याची आपली घाईही थांबली पाहिजे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि न्यायाच्या मागणीसाठी फॉरवर्ड केले म्हणून तो माफ होत नाही.

भीमा-कोरेगाव प्रकरणातले इलेक्ट्रॉनिक पुरावे या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावेत. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल उजेडात आला. त्यांच्या म्हणण्यानुसार जून २०१६ मध्ये ओळखीच्या व्यक्तीच्या ईमेल खात्यावरून आलेली फाइल उघडली गेली, त्यातून 'नेटवायर' नावाचे प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरले आणि पुढचे सुमारे २२ महिने बाहेरचा माणूस त्यात वावरत होता. आक्षेपार्ह पत्रे त्यानेच आत ठेवली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही आणि त्याचा निर्णय न्यायालयच करेल. आपल्यासाठी त्यातली पहिली पायरी महत्त्वाची आहे. सुरुवात एका ओळखीच्या नावाने आलेल्या ईमेलने झाली. अनपेक्षित फाइल आली की ज्याच्या नावाने आली त्याला फोन करून विचारावे. एक मिनिटाचे काम आहे.

पेगाससची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ज्यांना पाळतीची सूचना दिली त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडेही होते. अशी हत्यारे सरकारांनाच विकली जातात आणि साध्या पासवर्डाने ती थांबत नाहीत. फोनचे अपडेट वेळेवर घेणे एवढेच आपल्या हातात असते. पण पेगाससच्या भीतीने बाकी सगळे व्यर्थ आहे असे समजणे चुकीचे. आपल्या वाट्याला येणाऱ्या चोऱ्या बहुतेक साध्याच असतात.

निधीचेही असेच. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की वर्गणीचे क्यूआर कोड फिरू लागतात. पोस्टरवरचा कोड बदलायला पाच मिनिटे लागतात. मंडळाचे खाते मंडळाच्याच नावाने असावे, अध्यक्षाच्या वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी मागू नये, आणि देणाऱ्याने पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर आलेले नाव वाचावे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'देणगी स्वीकारायला पिन टाका' म्हणणारा चोरच असतो.

आणि खोटे खाते. तुमचा फोटो आणि नाव लावून दुसऱ्या समाजाच्या महापुरुषाबद्दल घाणेरडी पोस्ट टाकली जाते आणि दोन तासांत जमाव वस्तीत येतो. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरमध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून उसळलेल्या हिंसेत मोहसीन शेख या तरुणाचा जीव गेला. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. म्हणून आपल्या नावाचे खोटे खाते दिसले की 'जाऊ दे' म्हणू नका. त्याची लिंक, स्क्रीनशॉट आणि वेळ नोंदवा, मित्रांकडून रिपोर्ट करून घ्या, आपल्या खऱ्या खात्यावर खुलासा टाका आणि त्याच दिवशी पोलिसांत लेखी अर्ज द्या. बाबासाहेबांची विटंबना करणारी पोस्ट दिसली तर ती फॉरवर्ड करून आपणच पसरवू नये. स्क्रीनशॉट घ्यावा आणि तक्रार करावी. पोस्ट टाकणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(व्ही) मध्ये आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर हा गुन्हा आहे.

चोरी झालीच तर

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर. लाजेने रात्रभर बसून राहू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी अडवता येतात, आणि तो वेळ तासांचा असतो, दिवसांचा नाही. त्याचबरोबर बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर होते. स्त्रिया आणि बालकांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराची खबर तुम्ही बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान तुमचे, पण त्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून खबर दिल्याची वेळ हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत अर्ज करता येतो.

पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही, सायबरला जा' असे ऐकायला मिळेल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (इंग्रजीत ६६-सी) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. तोतया बनून फसवणूक केली तर ६६-ड (६६-डी). या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, त्यामुळे अर्ज थेट निरीक्षकांच्या नावाने लिहा आणि पोच घ्या. एकटे जाऊ नका, संघटनेतल्या एकाला सोबत न्या.

कुणा तिऱ्हाइताने पाठवलेल्या पैशांमुळे तुमचेच खाते गोठले असेल तर बँकेकडून त्या तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या राज्यातल्या ठाण्याने ते गोठवले हे लेखी मागा. मग त्या तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचे पुरावे जोडून ईमेल करा आणि त्याची प्रत बँकेला द्या. आणि तक्रार नोंदवून होईपर्यंत फोन फॉरमॅट करू नका, त्या माणसाचे चॅट डिलीट करू नका. संतापाने किंवा शरमेने लोक पहिल्यांदा तेच करतात, आणि मग तपास अधिकाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.